पीसीवर सुरळीत, क्वेस्टवर गरगर: संशय आधी कॅड मॉडेलवर

कारखान्यातल्या आगीचं युनिटी या गेम इंजिनमध्ये केलेलं व्हीआर प्रशिक्षण हेडसेट पीसीला केबलने जोडून छान चालतं, पण त्याची एपीके (अँड्रॉइड अ‍ॅपची फाइल) थेट क्वेस्ट २ या हेडसेटवर टाकली की झटके बसतात आणि पाच मिनिटांत लोकांना मळमळतं, असं तुम्ही लिहिलंय. केबल असताना चित्र काढतं ते पीसीचं ग्राफिक्स कार्ड. एपीकेत तेच ओझं मोबाइलच्या जातीच्या चिपवर येतं. ७२ हर्ट्झला एका फ्रेमला १३.९ मिलिसेकंद मिळतात, तेही दोन्ही डोळे धरून.

काहीही बदलण्याआधी यूआरपी अ‍ॅसेटमध्ये (युनिटीतली चित्र काढण्याची सेटिंग) रेंडर स्केल, म्हणजे चित्राचं रिझोल्यूशन, ०.५ करून बघा. चित्र पुसट झालं पण झटके थांबले, तर वेळ पिक्सेल रंगवण्यात जातोय. झटके तसेच राहिले, तर ड्रॉ कॉल (वस्तू काढायला चिपला दिलेले हुकूम), मॉडेलचा पृष्ठभाग ज्यांचा बनतो ते त्रिकोण किंवा स्क्रिप्ट तपासा.

मशीनचं मॉडेल स्टेप फाइलवरून (कॅडची फाइल) आणलं असेल, तर माझा संशय या दुसऱ्या गटावर. आटे कोरलेला एकेक बोल्ट हजारो त्रिकोण खातो, आणि एका फ्लँजवर (पाइप जोडायची कडा) असे आठ! तिथे षटकोनी डोक्याचा साधा दंडगोल बसवा, आटे नॉर्मल मॅपमध्ये (उठाव भासवणारं चित्र) दाखवा. पंपाच्या पोटातले इम्पेलर, बेअरिंग, सील कुणाला दिसणार आहेत? ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सरळ उडवा. डेसिमेट (त्रिकोण कमी करणारं साधन) त्यानंतरच, आधी लावलात तर पाइपांची गोलाई बिघडते आणि आतला पसारा तसाच राहतो. मग मशीनची मटेरियल (पृष्ठभागाच्या रंगरूपाच्या सेटिंग) दोन-तीनवर आणा, न हलणाऱ्या वस्तू स्टॅटिक करा आणि स्टिरिओ रेंडरिंग मल्टीव्ह्यूवर (दोन्ही डोळ्यांचं चित्र एकदम) आहे ना, ते बघा. ते मल्टी पासवर राहिलं असेल तर प्रत्येक वस्तू दोनदा काढली जाते.

पिक्सेलचा दोष निघाला तर बहुतेक धूर. पारदर्शक थर एकावर एक पडले की तोच पिक्सेल पुन्हा पुन्हा रंगतो. कण कमी करा, चेहऱ्याशी येणारे बंदच करा, बाकी काम फॉगवर (युनिटीतलं साधं धुकं) भागवा. ब्लूम (उजेडाभोवतीची झळाळी) आणि एचडीआर (उजेडाची वाढीव व्याप्ती) काढा. ४ पट एमएसएए (कडा गुळगुळीत करणं) मात्र राहू द्या, या चिपवर ते स्वस्त पडतं.

फ्रेम सुधारूनही मळमळ राहिली तर जॉयस्टिकने सरकणं काढा. डोळ्यांना चाल दिसते, कानातल्या तोलाला काहीच कळत नाही. टेलिपोर्ट (एकदम दुसऱ्या जागी उडी) द्या, वळणं ४५ अंशांच्या टप्प्यांनी. आणि एकच हेडसेट पाळीपाळीने वापरत असाल, तर दर माणसाला भिंगं ५८, ६३, ६८ मिमी यांपैकी त्याच्या डोळ्यांना जुळेल त्या खाचेवर सरकवायला सांगा.