नवरदेव दोघे, पानं ऐंशी

डेन्व्हरहून एका ताईंनी विचारलंय. मूळच्या पंचवटीतल्या, तिकडे घरगुती केटरिंग करतात. लग्नाची ऑर्डर आली: ऐंशी पानं, पुरणपोळी, मसालेभात, अळूचं फदफदं. मेनू ठरल्यावर कळलं की लग्न दोन मुलग्यांचं आहे. नाशिकहून सासरे फोनवर म्हणाले, "आपल्या धर्मात हे बसत नाही, नाही म्हणून सांग." असं सांगता येतं का?

ताई, कायद्याने येत नाही, आणि माझ्या मते सांगूही नये.

कोलोरॅडोत धंदा करणाऱ्याला धर्म, वंश, मूळ देश यावरून गिऱ्हाईक नाकारता येत नाही, तसंच लैंगिक कलावरूनही नाही. तुमचे सासरे, म्हणजे बाबा, ज्या केकवाल्याचा दाखला देतात, त्याने दोन पुरुषांच्या लग्नाचा केक करायला नकार दिला होता; तो खटला तुमच्याच राज्यातला. २०१८ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला, पण राज्याच्या नागरी हक्क आयोगाने त्याच्या श्रद्धेला तुच्छ लेखलं म्हणून. नकाराची सरसकट मुभा त्यातून कुणालाच मिळाली नाही. समलिंगी लग्नांच्या वेबसाइट बनवायला तयार नसलेल्या बाईंचा २०२३चा निकाल त्याहून पुढे गेला: न पटणारा मजकूर तयार करायला सरकार भाग पाडू शकत नाही. पण ऐंशी पानं वाढणं म्हणजे मजकूर लिहिणं, असं कोर्टात टिकेल असं मला वाटत नाही.

तुमचं धर्मस्वातंत्र्य तुमच्या मेनूत आहे, आणि ते मोठं आहे. मांस शिजवणार नाही, एकादशीला ऑर्डर घेणार नाही, चातुर्मासात कांदा-लसूण नाही, हे सगळं चालतं, कारण ते सगळ्यांना सारखं लागू. जे कुणालाच विकत नाही, ते या दोघांनाही विकायला नको. जे इतरांना वाढता, ते यांनाही वाढायचं.

साउथ कॅरोलिनात 'पिगी पार्क' नावाच्या हॉटेलांच्या मालकाने काळ्या लोकांना आत बसवून न वाढण्यासाठी आपला धर्मच पुढे केला होता. १९६८ साली सुप्रीम कोर्टाने तो बचाव उडवून लावला. ज्या १९६४च्या नागरी हक्क कायद्याखाली तो हरला, त्याच कायद्यामुळे तुम्हाला हिंदू किंवा भारतीय म्हणून तिथल्या हॉटेलातून परत पाठवता येत नाही.

बाबांशी बोलताना मात्र अमेरिका बाजूला ठेवा. ते नाशिकचे आहेत. २ मार्च १९३० रोजी काळारामाच्या दारांपुढे सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षं चालवला. दार अडवणारेही धर्माचंच नाव घेत होते, आणि त्यातल्या पुष्कळांची श्रद्धा खरी असणार. दार उघडलं नाही. १९३५ साली आपल्याच येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. पुढे घटनेच्या कलम १५ मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी, अगदी स्नानाचे घाटसुद्धा नाव घेऊन लिहिले गेले. त्यात लैंगिक कल नाही, असं बाबा म्हणतील. म्हणू देत. दारातून परत पाठवलेल्या माणसाला काय वाटतं, हे पंचवटीत वाढलेल्याला वेगळं समजवावं लागू नये.

ऑर्डर आजच पक्की करा, ॲडव्हान्स घ्या. उद्या कुणी फलकावर किंवा मिठाईच्या खोक्यावर तुम्हाला न पटणारं काही लिहून मागितलं, तर तो प्रश्न निराळा. तेव्हा आधी तिथल्या वकिलाला विचारा. आणि "त्या तारखेला दुसरं बुकिंग आहे" असं खोटं सांगायचा मोह टाळा. असं खोटं कारण उघडं पडलं, तर खटल्यात तेच तुमच्या अंगाशी येतं.