सस्टेनेबिलिटीत पीएचडी करायचीय? मग आधी हे वाच

हे बघ, 'भारतीय कंपन्या आणि शाश्वतता' असला विषय घेऊन गेलीस तर गाईड पहिल्याच मीटिंगला कात्री लावणार. तू घणसोलीला राहतेस ना, मग ठाणे-बेलापूर रोडचा टीटीसी औद्योगिक पट्टा दारातच आहे, केमिकल, फार्मा, आता डेटा सेंटरपण, त्यातलं एकच सेक्टर धर.

डेटाचं टेन्शन नको. सेबीने (शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी संस्था) 2022-23 पासून टॉप 1000 लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे कंपनीचा वार्षिक सस्टेनेबिलिटी रिपोर्ट, कंपल्सरी केलाय, फुकटात मिळतो. झाडं लावतानाचे फोटो सोड (ते सगळीकडे सेमच असतात), सरळ प्रिन्सिपल 6 वर, म्हणजे पर्यावरणाच्या भागावर जा, वीज, पाणी, कचरा, स्कोप 1 आणि 2 (कंपनीचं स्वतःचं आणि विकत घेतलेल्या विजेमागचं कार्बन उत्सर्जन) सगळं तिथेच. शेजारी मागच्या वर्षीचा आकडा असतो, तो जुना रिपोर्ट उघडून ताडून बघ, कधीकधी जुळतच नाही, आणि का जुळत नाही हाच मस्त रिसर्च क्वेश्चन होतो. टर्नओव्हरच्या रुपयामागे किती वीज, पाणी किंवा उत्सर्जन लागलं अशी जी इन्टेन्सिटी काढतात, तिच्यावर तर अजिबात भाळू नकोस, मालाचे भाव वाढले की धूर तेवढाच राहूनही आकडा सुधारलेला दिसतो.

सीएसआर (कंपनीचा समाजकार्यावरचा खर्च) वेगळं हं. ते 2013 च्या कंपनी कायद्यातलं नफ्याच्या 2 टक्क्यांचं प्रकरण, पैसे कुठे वाटले ते कळतं, कारखाना कसा चालतो ते नाही.

इंटरव्ह्यूसाठी एचआरला मेल टाकत बसू नकोस, उत्तर येत नाही. प्लांटचा ईएचएसवाला (पर्यावरण, आरोग्य, सुरक्षा बघणारा) गाठ, कॉलेजचं लेटर घेऊन जा.