नवरा समुपदेशनाला यायला तयार नाही, सोलापुरात सुरुवात कुठून करू?

मग आधी एकट्याच जा. आमच्याकडेही बायको दोनदा एकटीच गेली, मी नंतर गेलो, तेही कुरकुरत. जाताना सात रस्ता चौकात कुणी ओळखीचं भेटलं तर काय सांगायचं, एवढीच धास्ती. आत समुपदेशक मॅडमनी टेबलावर मोबाइलचा टायमर लावला. पाच मिनिटं एकानं बोलायचं, दुसऱ्यानं मध्ये तोंड घालायचं नाही. मी दुसऱ्याच मिनिटाला ‘तसं नाही ओ’ म्हणालो! बायको नुसती हसली.

पैशाची अडचण असेल तर सिव्हिलला केसपेपर काढून मानसोपचार विभागात दाखवा. खासगीत क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जाणार असाल तर आरसीआय (भारतीय पुनर्वसन परिषद) नोंदणी आहे का, हे बिनधास्त विचारा. घरातूनच बोलायचं असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. फुकट, चोवीस तास, मराठीतही. माहिती बाहेर फुटेल ही भीती नको, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं गोपनीयता हा तुमचा हक्क आहे.

दारूचं प्रकरण असेल तर अशाच लोकांच्या मदत-गटात बसण्याचा उपयोग होतो. तिथं सगळेच त्यातून गेलेले असतात. मात्र घरात मारहाण होत असेल तर जोडीनं बसायचा हट्ट धरू नका, आधी महिला हेल्पलाइनला, १८१ ला फोन करा.