रास्पबेरी पाय झीरो घरात खरंच कामाला येतो का, की दोन दिवसांचं खेळणं?

तुमचा प्रश्न असा आहे की रास्पबेरी पाय झीरोसारखा च्युइंगगमच्या पाकिटाएवढा कॉम्प्युटर हौसेखातर घेतला, तर घरात त्याचं नक्की करायचं काय.

आधी बोर्ड घेऊन मग त्याला काम शोधत बसलात, तर तो ड्रॉवरमध्येच जाणार. घरात रोज डोकं खाणारी एखादी गोष्ट आधी ठरवा. आमच्याकडे ती म्हणजे गच्चीवरची टाकी. पाणी सकाळी येतं, खालच्या हौदातून मोटरने वर चढवायचं, आणि टाकी वाहू लागली की शेजारच्या काकू खिडकीतून ओरडणार, "अहो, टाकी भरली!" काकूंचं हे काम आता झीरो २ डब्ल्यू, म्हणजे झीरोचाच वायफायवाला नवा बोर्ड, करतो.

टाकीच्या झाकणात जेएसएन-एसआर०४टी हा वॉटरप्रूफ अल्ट्रासॉनिक सेन्सर खाली तोंड करून बसवलाय. गाडी रिव्हर्स घेताना पीं-पीं करतो त्याच जातीचा. तो आवाज सोडतो, पाण्यावरून परत येईपर्यंतचा वेळ मोजायचा. पाणी एक मीटर खाली असेल तर जाऊन-येऊन सुमारे ५.८ मिलिसेकंद. पहिल्या वीस-पंचवीस सेंटिमीटरमधलं त्याला काही दिसत नाही, म्हणून टाकी गळ्यापर्यंत भरत असेल तर सेन्सर तेवढा वर उचलावा लागतो. भिंतीपासूनही लांब ठेवा, तिथूनही आवाज परततो.

एक गोष्ट विसरू नका. ५ व्होल्टवर चालवलेल्या सेन्सरचा सिग्नल ५ व्होल्टचा असतो आणि पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या. मध्ये १ किलोओहम आणि २ किलोओहमचे रेझिस्टर लावून व्होल्टेज उतरवा, नाहीतर पिन जळते.

मे महिन्यात आणखी गंमत. हवा तापली की आवाज जोरात पळतो: २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर, ४० अंशांना साधारण ३५५. दीड मीटरच्या अंतरात हा फरक पाच सेंटिमीटरच्या आसपास जातो, म्हणून झाकणाखाली डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर लावून प्रोग्रॅममध्ये दुरुस्ती केली. शिवाय पायवर चालणारी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम एकाच वेळी दहा कामं करत असते, त्यामुळे मोजलेला वेळ अधूनमधून भलताच येतो. एका रीडिंगवर विसंबायचं नाही. पाच-सात घ्या, चढत्या क्रमाने लावा आणि मधलं उचला.

टाकी भरत आली की मला टेलिग्रामवर मेसेज येतो, मी जाऊन मोटर बंद करतो. इथवरच. तो निळा छोटा रिले, म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच, लावून मोटर आपोआप चालू-बंद करायचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. मी त्या भानगडीत पडलो नाही. एक हॉर्सपॉवरची मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते, रिलेचे काँटॅक्ट चिकटले की मोटर बंदच होत नाही. करायचंच असेल तर इलेक्ट्रिशियनकडून काँटॅक्टर, म्हणजे मोटरचा भार पेलणारा मोठा स्विच, बसवून घ्या आणि हाताचं बटण ठेवा.

त्याच बोर्डावर पाय-होल हे जाहिराती अडवणारं सॉफ्टवेअरही चालतं. घरातल्या सगळ्या फोन-टीव्हीच्या डीएनएस विचारणा, म्हणजे 'या साइटचा पत्ता काय' हे प्रश्न, त्याच्याकडून जातात आणि जाहिरातींचे पत्ते तिथेच अडतात. यूट्यूबच्या जाहिराती मात्र अडत नाहीत, कारण त्या व्हिडिओच्याच सर्व्हरवरून येतात. घरच्यांना आधीच सांगून ठेवा. फोटो साठवायचा सर्व्हर वगैरे झीरोवर नको: ५१२ एमबी रॅम, एकच यूएसबी २ पोर्ट आणि फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय. त्याला पाय ४ किंवा जुना लॅपटॉप बरा.

विजेचं म्हणाल तर सरासरी दोन वॅट धरले तरी वर्षाला साडेसतरा युनिट होतात. खरा त्रास वीज जाण्याचा आहे. लिहिणं चालू असताना लाइट गेली की मेमरी कार्ड खराब होऊ शकतं. रास्पी-कॉन्फिग या पायच्या सेटिंगच्या प्रोग्रॅममध्ये ओव्हरले फाइल सिस्टिम चालू केली की कार्डावर लिहिणं थांबतं. पण मग रीडिंग साठवायची तर ती दुसरीकडे पाठवावी लागतात. राउटरसाठी मिळतो तो छोटा यूपीएस घेणार असाल, तर त्याला ५ व्होल्टचं आउटपुट आहे ना ते बघून घ्या.

आणि खरं सांगायचं तर नुसती टाकी मोजायची असेल तर पाय लागतच नाही. ईएसपी३२ हा वायफायवाला छोटा मायक्रोकंट्रोलर त्याहून स्वस्त, ना कार्ड, ना लिनक्स, वीज आली की क्षणात सुरू. पाय तेव्हा घ्या, जेव्हा पाय-होल, रीडिंगचा आलेख, मेसेज असं दोन-तीन कामांचं गाठोडं एका जागी बांधायचंय, किंवा लिनक्स आणि पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायचीय. मला यातलं दुसरं, म्हणजे शिकणं, हवं होतं.

२०१५मध्ये पहिला झीरो आला तेव्हा किंमत ५ डॉलर होती, मॅगपाय मासिकाच्या मुखपृष्ठावर तर तो फुकट चिकटवून दिला होता. ती किंमत डोक्यात ठेवून दुकानात जाऊ नका. बोर्डाबरोबर चांगला ५ व्होल्ट, अडीच अँपिअरचा चार्जर, नावाजलेल्या कंपनीचं कार्ड आणि टीव्हीला जोडायची मिनी एचडीएमआयची पिन धरून हिशोब करा. सोल्डरिंग येत नसेल तर पिना आधीच जोडलेला बोर्ड मागा; थोडे जास्त पडतात, पण घरी आल्या आल्या सेन्सर लावता येतो.