शार्प्स रायफल आणि कागदी काडतूस : वाचकांचे प्रश्न

या खेपेला आलेले बहुतेक प्रश्न टोपीने (घोडा आपटला की ज्योत देणाऱ्या धातूच्या छोट्या टोपीने) पेटणाऱ्या, पण मागून भरायच्या बंदुकांबद्दलचे आहेत. यातली सर्वांत नावाजलेली अमेरिकन शार्प्स. ख्रिश्चन शार्प्स यांनी तिचं पेटंट १८४८ मध्ये घेतलं. चापाभोवतीची कडी खाली ओढली की मागचा पोलादी ठोकळा खाली सरकतो आणि नळीचं मागचं तोंड उघडतं. काडतूस, म्हणजे दारू आणि गोळी एकत्र बांधलेली पुडी, आत सरकवायचं, कडी वर घ्यायची, निपलवर (टोपीसाठीच्या पोकळ खुंटीवर) टोपी बसवायची, की बंदूक तयार.

प्रश्न : माझ्याकडे इटलीत बनलेली ५४ कॅलिबरची शार्प्स प्रतिकृती आहे. बार झाल्यावर कागदाचे तुकडे आत राहतात, कधी कधी धुमसतातही. कागद सोऱ्यात भिजवून घ्यावा का? घरी पतंगाचा कागद पडून आहे, तो चालेल का? (टेक्सास)

उत्तर : कागदाची चर्चा गरजेपेक्षा जास्त होते आणि खळीची अजिबात होत नाही. न जळता उरतं ते बहुधा जोडाच्या जागी, जिथे दोन पदर आणि मध्ये डिंकाचा थर असतो. आधी जोड अरुंद करा, चार-पाच मिलिमीटर पुरे. खळ बोटाने नाही, बारीक ब्रशने लावा.

सोऱ्यात भिजवून वाळवलेला कागद भुरकन जळतो, हे खरं. पण तो ठिसूळ होतो, आणि आत राहिलेल्या एखाद्या निखाऱ्यावर पुढचं काडतूस टेकलं तर तोच आधी पेट घेतो. तेव्हा ठोकळा उघडा असतो आणि तुमचा चेहरा वीतभर अंतरावर. म्हणून माझं मत असं, की नळकांडं साध्या पातळ कागदाचं करा आणि सोऱ्याचा कागद वापरायचाच असेल तर फक्त शेपटाच्या, म्हणजे काडतुसाच्या मागच्या टोकाच्या, टिकलीला. टोपीची ज्योत तिथूनच आत शिरते. त्या टिकलीला पतंगाचा कागद छान, पण रंगीत नको, पांढरा घ्या. नळकांड्याला तो फार लेचापेचा पडतो.

मूळ काडतुसंही सगळी कागदाची नव्हती. शार्प्सची काडतुसं लिनन कापडाचीही असत.

आणि धुमसणारा तुकडा दिसला की त्या दिवसापुरतं घाई करणं बंद. प्रत्येक बारानंतर मागून आत नजर टाका, ओलसर चिंधी फिरवा, मगच पुढचं काडतूस. बार झालाच नाही, तर नळी लक्ष्याकडे रोखूनच पूर्ण मिनिटभर थांबा. शार्प्समध्ये टोपीच्या ज्योतीला ठोकळ्याच्या आतून वळण घेऊन जावं लागतं. ती वाट काजळीने तुंबली की बार उशिरा होतो, आणि दोष मात्र कागदाला मिळतो.

प्रश्न : काडतुसाची लांबी नेमकी किती ठेवावी? ठोकळ्याच्या धारेने शेपूट कापलं जाणं अपेक्षित आहे ना? आणि आठ-दहा बारांनंतर ठोकळा हलतच नाही, त्याचं काय? (टेक्सासचेच वाचक)

उत्तर : ठोकळ्याची वरची कड धारदार केलेली असायची ती खरोखर याचसाठी. कडी वर घेताना काडतुसाचं शेपूट कापलं जाई आणि दारू उघडी पडे. लढाईत ते ठीक. रेंजवर मात्र कापलेल्या शेपटातून सांडलेले दाणे ठोकळ्याच्या माथ्यावर राहतात आणि बाराबरोबर तुमच्या डोळ्यांसमोर भडकतात. त्यामुळे शेपूट कापलं जाणार नाही इतपतच काडतूस ठेवावं.

लांबी पुस्तकातून घेऊ नका, प्रत्येक प्रतिकृतीचं घर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, वेगळं असतं. बंदूक रिकामी आहे याची खात्री करून नुसती गोळी बोटाने आत ढकला, ती आट्यांना (नळीतल्या पिळाच्या खाचांना) टेकली की तिच्या बुडापासून नळीच्या मागच्या कडेपर्यंत लाकडी काडीने माप घ्या. काडतुसाचा गोळीमागचा भाग त्याहून मिलिमीटरभर आखूड. दारूचं वजन बनवणाऱ्याच्या पुस्तिकेप्रमाणेच घ्या आणि फक्त काळी दारू, बिनधुराची कधीही नाही. अमेरिकन यादवी युद्धातलं काडतूस साधारण ६० ग्रेन दारूचं, म्हणजे चार ग्रॅमला थोडी कमी. तुम्ही त्याहून हलका भार घेणार असाल तर दारू आणि गोळी यांच्यात पोकळी ठेवू नका. ती जागा रव्याने भरतात. हो, शिऱ्याचाच रवा.

ठोकळा अडकणं हा या बंदुकीचा जन्मजात रोग. काळी दारू जळल्यावर तिचा निम्म्याहून जास्त भाग वायू होत नाही, घन राख आणि काजळी म्हणून मागे राहतो. सांध्यातून गळणारा वायू ती काजळी थेट ठोकळ्याच्या खाचेत नेऊन बसवतो. १८५९ च्या मॉडेलमध्ये ठोकळ्याच्या तोंडाला एक तबकडी दिली होती. वायूच्या दाबाने ती नळीच्या कडेवर रेटली जावी, अशी कल्पना. गळती कमी झाली, थांबली नाही. ती थांबवली पितळी काडतुसाने, कारण पितळ बाराच्या क्षणी फुगून घराला चिकटतं आणि वायूला मागे येऊ देत नाही. म्हणूनच युद्ध संपल्यावर अमेरिकन सरकारने हजारो शार्प्स बदलून धातूच्या काडतुसांसाठी करून घेतल्या. तुम्हाला बदलायची नसेल तर ठोकळ्याच्या बाजूंना मेण आणि चरबीचं मिश्रण सढळ हाताने लावा आणि पाच-सहा बारांनी ठोकळा काढून पुसा. दुसरा उपाय मला तरी पटलेला नाही.

प्रश्न : शार्प्सचं काडतूस दातांनी तोडावं लागत नाही, मग १८५७ च्या वेळी आपल्याकडे अशा बंदुका असत्या तर? (पुणे)

उत्तर : एनफिल्ड ही ठासणीची रायफल. तिच्या काडतुसाचं टोक दातांनी तोडायचं, दारू नळीत ओतायची, मग चरबी लावलेल्या कागदासकट गोळी वरून ठासायची. कागद तिथे पुडीही आणि गोळीचं वंगणही. वाद नेमका त्या वंगणाचा. पुढे हाताने फाडायची परवानगी दिली, पण तोवर विश्वास उडाला होता. मेरठला २४ एप्रिल १८५७ रोजी तिसऱ्या घोडदळातल्या ९० पैकी ८५ जणांनी काडतुसं नाकारली, आणि त्या दिवशी दिलेली काडतुसं तर जुन्याच धर्तीची होती.

ब्रिटिश सरकारने शार्प्स कार्बाइनही (आखूड नळीच्या रायफली) १८५५ मध्ये सुमारे सहा हजार मागवल्या होत्या. पण बंदूक बदलल्याने उठाव टळला असता, हे म्हणणं मला भाबडं वाटतं. मागून भरायच्या बंदुकीच्या गोळीलाही वंगण लागतंच. चरबीवरचा संशय तोंडातून हातावर आला असता, इतकंच.

प्रश्न : वेस्टली रिचर्ड्सच्या 'मंकी टेल' या मागून भरायच्या ब्रिटिश बंदुकीत काडतुसाच्या बुडाला नमद्याची चकती कशाला? बारानंतर ती आतच राहते. (लीड्स)

उत्तर : ती आत राहायलाच हवी. १८५८ च्या पेटंटची सगळी हुशारी तिथेच आहे. टोपीची ज्योत चकतीच्या पुढून दारूत शिरते. दाबाने चकती मागे चेपली जाते आणि वायूची वाट बंद करते. पुढचं काडतूस घातलं की त्याची गोळी जुन्या चकतीला पुढे ढकलते, आणि ती जाता जाता नळी पुसत बाहेर पडते. पितळाचं काम नमद्याने करून घेतलंय. चकती सैल झाली तर वायू मागे येईल, म्हणून ती मेणचरबीत बुडवून घट्ट बसणारी हवी. इंग्लंडमध्ये काळी दारू घ्यायला आणि ठेवायला पोलिसांकडून स्फोटकांचा दाखला लागतो, तो आधी.

प्रश्न : आजोबांच्या नावावर परवान्याची ठासणीची बंदूक होती. तिला घरी कागदी काडतुसं करता येतील का? शिवाय एक जुनं काडतूस सापडलंय, उघडून बघू? (सावंतवाडी)

उत्तर : दोन्हींना नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे, आणि बंदुकीचा परवाना म्हणजे काडतुसं बनवायचा परवाना नव्हे. शिवाय तो आजोबांच्या नावाचा, म्हणून बंदुकीचं काय करायचं हे पोलीस ठाण्यात विचारून घ्या. काडतूसही तिथेच सांगा, स्वतः हलवू नका. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही तितकीच जिवंत असते.