सोडलेल्या मेमरीला पुन्हा हात

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या यंत्रमागांच्या कंट्रोलरसाठी मी लिनक्स ड्रायव्हर लिहितो. ड्रायव्हरचं मॉड्यूल काढलं की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अधूनमधून कोसळतो, दरवेळी वेगळ्याच जागी. कुठून सुरुवात करू?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : जागा बदलते म्हणजे माझा पहिला संशय सोडलेल्या, म्हणजे काम संपलं म्हणून परत केलेल्या, मेमरीच्या वापरावर. कोसळतो तिथला कोड बहुधा निर्दोष असतो. केसॅन (KASAN, कर्नलमधल्या मेमरीच्या चुका पकडणारं साधन) चालू करून कर्नल बांधा, लिनक्स ४.० पासून, म्हणजे २०१५ पासून ते आहे. दर ८ बाइटमागे १ बाइट नोंदीला जातो, वेगही मंदावतो, म्हणून चाचणीच्या बोर्डावरच. मेमरी कुणी घेतली, कुणी सोडली, नंतर कुणी हात लावला, सगळं अहवालात येतं. 'सोडली' तेवढं आधी वाचा. ड्रायव्हरचा टायमर पुरता थांबण्याआधीच केफ्री (मेमरी सोडणारं फंक्शन) होतंय का, बघा. नुसता पॉइंटर (मेमरीचा पत्ता) नल, म्हणजे रिकामा, करून वेळ मारून नेऊ नका. दुसऱ्या सीपीयूवर टायमरचा हँडलर (वेळ झाली की चालणारं फंक्शन) तेव्हाही चालू असू शकतो.