छिमा म्हणजे परकर का?

प्रश्न: हानबोकच्या, म्हणजे कोरियन पारंपरिक पोशाखाच्या धर्तीवर गरोदरपणातला कपडा कसा शिवावा, हे सांगणाऱ्या एका मजकुरात ‘छिमा म्हणजे परकर, गोरुम म्हणजे नाडी’ असं वाचलं. हे मराठी शब्द चालतील का?

उत्तर: वाचायला चालतील, शिवायला नाही.

परकर म्हटलं की शिंपी कमरेचं माप घेणार, नेफा शिवणार, नाडी ओवणार. छिमा कमरेवर बसतच नाही. त्याची वरची पट्टी, म्हणजे ‘माल्गी’, काखेखालून छातीभोवती गुंडाळून बांधतात आणि तिथून घेर सरळ खाली सुटतो. पोटावर कुठेच आवळत नाही, म्हणून तर गरोदरपणासाठी हा घाट सुचतो. गंमत म्हणजे कोरियन लोकही या पट्टीला ‘हॉरी’, म्हणजे कंबरच म्हणतात. आपण मात्र ‘कंबरपट्टा’ लिहू नये, कापड भलत्या मापाने कापलं जाईल. ‘छातीपट्टी’ लिहावं. ‘नेफा’ही नको, कारण तिच्यातून काही ओवलेलं नसतं.

छाती ९० सेमी असेल तर पट्टी ११५ सेमी धरा. वरचे २५ सेमी एकावर एक चढतात आणि महिने भरत जातील तशी छाती वाढली की ही चढण कमी होत जाते. ११० सेमी पन्ह्याचे तीन तुकडे जोडले की शिवणी आणि कडा वजा जाता सुमारे ३२२ सेमी घेर मिळतो. प्रत्येक घडी २ सेमी दिसू द्यायची आणि ३.६ सेमी कापड आत दाबायचं, म्हणजे साधारण ५७ घड्या होतात. यांना ‘निऱ्या’ म्हणावं. ‘चुण्या’ म्हटलं तर दोरा ओढून कापड गोळा केलं जाण्याचा धोका, आणि मग पट्टीखाली नेमका छातीवरच फुगवटा येतो. निऱ्या एकाच दिशेने, सपाट इस्त्री करून.

दोन चुका नेहमीच्या. छिमा खाली घसरतो म्हणून पट्टी करकचून बांधतात, मग श्वास कोंडतो. त्यापेक्षा खांद्यावर पट्टे द्या. कोरियातही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशी खांद्यावर पेलणारी छिमा आली. तिचं नाव शब्दशः ‘खांदा-कंबर’! दुसरी चूक लांबीची. पोट पुढे आलं की समोरचा काठ वर उचलला जातो. म्हणून पुढे मध्यावर ६ सेमी लांबी जास्त ठेवून ती दोन्ही बाजूंना शून्यावर आणा. गुंडाळीच्या कपड्याला पुढचं-मागचं नसतं, तेव्हा पट्टीवर पुढचा मध्य आधी खुणेने पक्का करा.

आता गोरुम. नाडी ओवतात, गोरुम टाचलेला असतो. त्याला आपल्याकडे ‘बंद’ हा आयता शब्द आहे, बाराबंदीतला. ज्यॉगोरी (वरचं आखूड जाकीट, नुसतं ‘जोगोरी’ लिहिलंत तर ‘जोगवा’तला ज उच्चारला जाईल) डावी बाजू उजवीवर आणून दोन बंदांनी बांधतात, एक लांब, एक आखूड. गाठ एकाच फासाची, म्हणजे सुरगाठ. टोक ओढलं की सुटते. निरगाठ मारू नका. पुढून सहज उघडतं म्हणून बाळाला पाजतानाही हेच जाकीट उपयोगी पडतं, पण त्यासाठी बंद सुळसुळीत सॅटिनचे न करता सुती करा, नाहीतर दिवसातून दहा वेळा आपोआप सुटतील.

राहता राहिला ‘मॅटर्निटी वेअर’. कोरियनमध्ये ‘इम्बुबोक’ म्हणतात: इम्बु म्हणजे गरोदर बाई, बोक म्हणजे कपडे, हानबोकमधलाच बोक. मराठीत काही जण ‘बाळंतपणाचे कपडे’ लिहितात, पण ते बाळंतिणीचे होतात. ‘गरोदरपणातले कपडे’ सरळ आहे.